झेंडा-दिन : एका विस्मृत राष्ट्रीय दिवसाची जन्मकथा

आमच्या शाळेच्या वार्षिक दिनदर्शिकेत ‘ध्वज’ हा शब्द दोन ठिकाणी येतो. एक ७ डिसेंबरला. तो सशस्त्र सेनांचा ध्वजदिन. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो आणि त्या दिवशी चिमुकली कागदी निशाणे वाटून सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी निधी जमवितात. दुसरा २२ जुलैला. १९४७ साली याच तारखेस संविधान सभेने आजचा तिरंगा स्वीकारला. या दोहोंत विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो, हे मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे. आणि खरे सांगायचे तर शिक्षकांचाही होतो. परंतु ज्या दिवशी साऱ्या हिंदुस्थानाने पहिल्यांदा ‘झेंडा-दिन’ या नावाने एक दिवस पाळला, ती तारीख या दोहोंपैकी कोणतीच नव्हे. ती होती १८ जून १९२३, आणि तिचे उगमस्थान होते नागपूर.

हा दिवस आपल्या स्मरणातून का गळाला, याचे एक कारण इतिहासापेक्षा भूगोलात अधिक आहे. १९२३ साली नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाड यांची राजधानी होती, आणि आमची बऱ्हाणपूर तहसील त्याच प्रांताच्या निमाड जिल्ह्यात मोडत होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतांची नवी मांडणी झाली. नागपूर व वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. भूमीबरोबर स्मृतीचीही वाटणी झाली. महाराष्ट्राचे इतिहासकार टिळकयुगाकडून मुळशी, सोलापूर व बेचाळीस अशा मार्गाने जातात, तेव्हा नागपूरचा हा लढा त्यांना परप्रांतातील वाटतो. हिंदी भाषेतील इतिहासकार जबलपूरपाशी थबकतात, कारण पुढचे सारे मराठी मुलखात घडले. खकनारसारख्या सीमेवरच्या गावी बसून लिहिणाऱ्यास हे दुभंगलेपण विशेष जाणवते. म्हणून हा प्रपंच.

मूळ घटना जबलपुरातली. १९२२ साली तेथील नगरपालिकेने टाऊन हॉलवर काँग्रेसचा झेंडा लावला. हा झेंडा आजचा नव्हे. पांढरा, हिरवा व तांबडा असे तीन पट्टे आणि वर चरखा, असे त्याचे रूप होते. १९२१ मध्ये बेजवाड्यास पिंगळी व्यंकय्या यांनी गांधीजींपुढे जो नमुना मांडला, त्यात पांढऱ्या पट्ट्याची भर पडून हा सिद्ध झाला होता. जबलपूरच्या त्या झेंड्याची वार्ता थेट लंडनच्या पार्लमेंटात पोहोचली, आणि सरकारी इमारतींवर असे निशाण पुन्हा दिसू नये असा बंदोबस्त झाला. मार्च १९२३ मध्ये काँग्रेसचे पुढारी पुन्हा जबलपुरास आले तेव्हा झेंड्यास परवानगी नाकारण्यात आली. १८ मार्च रोजी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक निघाली. सुंदरलालांना सहा महिन्यांची शिक्षा झाली.

या मंडळींत आमच्या निमाडाशी निकटचा संबंध असलेली दोन नावे आहेत. माखनलाल चतुर्वेदी हे खांडव्यास काही काळ शाळेत शिक्षक होते; ‘कर्मवीर’ पुढे खांडव्याहूनच निघू लागले. सुभद्राकुमारी चौहान या खांडव्याच्या लक्ष्मणसिंहांच्या पत्नी. झाशीच्या राणीवरील कवितेमुळे त्या सर्वांना ठाऊक आहेत. या सत्याग्रहात नागपुरास जाऊन अटक करवून घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या होत, हे मात्र कविता पाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास कोणी सांगत नाही.

१८ मार्च हीच तारीख का? १९२२ साली याच दिवशी अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. तेव्हापासून दर महिन्याची अठरावी तारीख ‘गांधी-दिन’ म्हणून पाळण्याची प्रथा काँग्रेसजनांत पडली होती. हा दुवा ध्यानी ठेवला, म्हणजे पुढच्या घटनांच्या तारखांचा उलगडा आपोआप होतो.

१३ एप्रिल रोजी, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात झेंडे घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या वाटेवर पोलिसांनी मारहाण करून उधळली. सिव्हिल लाइन्स हा गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीचा भाग. तेथील रहिवाशांना अशा मिरवणुकांचा उपद्रव होतो, ही सरकारची भूमिका. १४४ कलमाचा हुकूम निघाला आणि १ मे १९२३ पासून सत्याग्रहास प्रारंभ झाला. (बरोबर ३७ वर्षांनी त्याच तारखेस महाराष्ट्र राज्य जन्मास आले. हा केवळ योगायोग. पण नागपूरच्या शिक्षकांनी वर्गात सांगावा असा.)

या लढ्याचे स्वरूप इतके साधे होते की, आज त्याचे महत्त्व सहजी पटत नाही. कर न देणे नाही, कायदेमंडळावरचा बहिष्कार नाही, मिठाची मूठ नाही. हाती झेंडा घेतलेल्या स्वयंसेवकांची लहानशी तुकडी सिव्हिल लाइन्सच्या दिशेने चालू लागे. हद्दीवर पोलीस अडवीत, पकडीत. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी येई. मागणी होती ती सार्वजनिक रस्त्यावरून आपले निशाण हाती धरून चालण्याची. सरकारही ‘आमचा विरोध झेंड्यास नाही, मिरवणुकीस आहे’ असेच म्हणत होते. परंतु ज्या रस्त्यावरून युनियन जॅक निर्वेधपणे जाऊ शकतो, त्या रस्त्यावर दुसरे निशाण हा उपद्रव कसा ठरतो, या प्रश्नाला सरकारपाशी उत्तर नव्हते. त्यातील एक विसंगती विसरता येत नाही. प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय होते. पण गृहखाते अमरावतीचे नेमस्त पुढारी मोरोपंत जोशी यांच्या हाती होते. मराठी माणूस हुकूम काढीत होता आणि मराठी माणसे तो मोडीत होती. मोरोपंतांना केवळ सरकारधार्जिणे म्हणून निकालात काढणे मला योग्य वाटत नाही. सनदशीर मार्गावर निष्ठा असलेली एक पिढी अशा ठिकाणी येऊन अडली होती, एवढेच म्हणावे.

सत्याग्रहाचे सूत्रधार वर्ध्याचे जमनालाल बजाज. त्यांनी जूनची अठरावी तारीख, म्हणजे त्या महिन्याचा गांधी-दिन, हा देशभर झेंडा-दिन म्हणून पाळण्याचे ठरविले, आणि त्या दिवसासाठी निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवक नागपुरास जमू लागले. सरकारने आदल्या दिवशीच, १७ जूनला, जमनालालांना पकडले. त्यांना १८ महिन्यांची कैद व ३,००० रुपये दंड झाला. दंड भरला नाही म्हणून त्यांची मोटार जप्त झाली. तिची गोष्ट शेवटी सांगतो. पकडले गेलेल्यांत विनोबा भावेही होते. त्या वर्षीच्या जानेवारीपासून ते वर्ध्याहून ‘महाराष्ट्र-धर्म’ हे मासिक चालवीत होते, आणि त्यांचे उपनिषदांवरील लेख त्यातच येत होते. विनोबांची नागपूर व अकोला येथील तुरुंगांत रवानगी झाली आणि मासिक खंडले. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी एका नियतकालिकाच्या खंडाचे हे कारणही नोंदवून ठेवावे.

पहिला झेंडा-दिन हा अशा रीतीने सुटीचा दिवस नव्हता, संचलनाचा नव्हता, खाऊवाटपाचाही नव्हता. तो पकडले जाण्याचा दिवस होता.

पुढे जुलैत वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. गुजरातेतून, कर्नाटकातून, बिहारातून माणसे येत राहिली. सुरतेहून नागपुरास येणारी आगगाडी आमच्या शेजारच्या खानदेशातूनच जाते. सतराशेंहून अधिक लोक तुरुंगात गेले. त्यांतील नामवंत किती असतील? फार तर पन्नास. उरलेल्यांत शेतकरी होते, विणकर होते, शाळा सोडलेली मुले होती, आणि त्यांची नावे तुरुंगाच्या नोंदवह्यांपलीकडे गेली नाहीत.

शेवट १८ ऑगस्टला झाला. पुन्हा तीच अठरावी तारीख. स्वयंसेवकांची मिरवणूक झेंड्यांसह सिव्हिल लाइन्समधून गेली आणि पोलिसांनी तिला अडविले नाही. सत्याग्रह मागे घेण्यात आला. सप्टेंबरात कैदी सुटले. हा विजय की तडजोड, यावर त्या काळीच वाद माजला. मिरवणुकीची वेळ व मार्ग आधी कळविण्यात आले होते. सरकारने त्यास परवानगीचा अर्ज मानले, काँग्रेसने केवळ सूचना मानले. इंग्रजी वृत्तपत्रे म्हणाली, काँग्रेस नमली. काँग्रेसची पत्रे म्हणाली, सरकार नमले. दोन्ही बाजूंस आपापल्या घरी परतता यावे एवढी संदिग्धता त्या कागदात जाणूनबुजून ठेवलेली होती, असे माझे मत आहे, आणि वल्लभभाईंच्या पुढील मुत्सद्देगिरीची पहिली खूण मी तीत पाहतो. झेंडा रस्त्यावरून गेला. बाकी शब्दांचा खेळ ज्याने त्याने खेळावा.

या लढ्यातून दोन गोष्टी मागे राहिल्या. नागपूरच्या तुरुंगातून बाहेर पडलेले हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी डिसेंबर १९२३ मध्ये काकीनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दलाची उभारणी केली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी झेंडावंदन करण्याची शिस्त या दलाने रुजविली. आज शाळाशाळांत जो क्रम आपण पाळतो, म्हणजे रांगा, सावधान, वंदन, गीत, त्याची बीजे या रविवारच्या वंदनात आहेत. दुसरी गोष्ट झेंडागीताची. कानपूरच्या श्यामलाल गुप्त ‘पार्षद’ यांनी ते १९२४ साली रचले. म्हणजे आधी माणसे तुरुंगात गेली, मग गीत आले.

१९३१ साली झेंड्याच्या रंगांचा वाद मिटविण्यासाठी सात जणांची समिती नेमली गेली. तीत हर्डीकर होते आणि आपले काकासाहेब कालेलकरही होते. एकाच केशरी रंगावर चरखा असावा अशी शिफारस तिने केली. पण ऑगस्टात मुंबईस महासमितीने ती न स्वीकारता केशरी, पांढरा, हिरवा व मध्ये निळा चरखा हा ध्वज ठरविला, आणि रंगांचा अर्थ जातिधर्मांवरून लावू नये असे स्पष्ट केले. या नव्या ध्वजासाठी ३० ऑगस्ट हा ध्वजदिन नेमण्यात आला. तो महिन्याचा शेवटचा रविवार होता, हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

सोलापुरास १९३० च्या लष्करी कायद्याखाली हा झेंडा हाती धरणे हाच गुन्हा ठरला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी आमच्याच तापीखोऱ्यातील नंदुरबारात झेंडा घेऊन निघालेल्या मुलांवर गोळीबार झाला. त्यात पडलेल्या पाचांपैकी शिरीषकुमार मेहता अवघा १५ वर्षांचा, म्हणजे आमच्या दहावीच्या वर्गाएवढा होता.

१९४७ च्या समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते व डॉ. आंबेडकर तिचे एक सदस्य होते. चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. चरखा ध्वजाच्या मागच्या बाजूने उलटा दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखेच दिसते, हे त्याचे एक व्यावहारिक कारण. मुलांना ते चटकन पटते. गांधीजींना मात्र चरखा गेल्याचे वाईट वाटले होते. कापडाचा प्रश्न त्यानंतर बराच काळ मिटलेला होता: ध्वज खादीचाच असे, आणि नांदेड व हुबळी ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरील व पॉलिएस्टरच्या कापडासही मुभा मिळाली. पुढल्या वर्षापासून ऑगस्टात घरोघरी ध्वज दिसू लागले, हे आनंदाचेच. पण सप्टेंबराच्या पावसात काटेरी कुंपणावर लोंबणारी त्याची लक्तरे मी स्वतः गोळा केली आहेत, आणि त्या वेळी नांदेडच्या विणकरांची आठवण झाली.

गेली काही वर्षे उन्हाळ्याच्या सुटीनंतरच्या पहिल्या दिवसांत, १८ जूनच्या सुमारास, प्रार्थनेनंतर दहा मिनिटे मी ही हकीकत सांगतो. आमच्याकडे कोरकू मुले आहेत, मराठी आहेत, हिंदी आहेत. सांगणे दोन्ही भाषांत होते. कलम १४४ त्यांना समजत नाही, तडजोडीचा वाद तर मुळीच नाही. मागल्या खेपेस सहावीतल्या एका मुलाने विचारले, “सर, त्या मोटारीचे काय झाले?” जमनालालांचे चरित्रकार सांगतात की, लिलाव पुकारला तेव्हा नागपुरात एकानेही बोली लावली नाही. अखेर ती मोटार दूर काठेवाडात नेऊन विकावी लागली.