जीसीसी : स्थिर आणि चालू आवृत्ती

जीसीसी म्हणजे सी, सी++ अशा भाषांतले प्रोग्रॅम यंत्राला कळतील असे करून देणारा मुक्त कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७मध्ये खुला केला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची इंजिनीअरिंगची मुलं तो लॅबमध्ये वापरतात, तेव्हा बहुधा स्थिर, म्हणजे प्रकाशित, आवृत्तीच त्यांच्यासमोर असते.

ही स्थिरता कष्टाने राखलेली असते. प्रकाशित आवृत्तीत नवी सोय सहसा घालत नाहीत. आधी नीट चालणारं काही बिघडलं असेल, तर मुख्यतः तेवढंच दुरुस्त करतात. प्रयोग होतात ते अजून काम सुरू असलेल्या, म्हणजे ‘चालू’ आवृत्तीत. २०१५च्या पाचव्या आवृत्तीपासून खूण सोपी झाली: आकड्यात पहिल्या बिंदूनंतर शून्य असेल तर काम चालू आहे, एक असेल तर पहिलं प्रकाशन.

तोल दोन्हीकडे गेलेला आहे. सावधपणा फार झाला म्हणून १९९७मध्ये काही स्वयंसेवकांनी ‘ईजीसीएस’ नावाने वेगळी चूल मांडली, आणि १९९९मध्ये तीच अधिकृत जीसीसी ठरली. उलट २०००मध्ये रेड हॅट कंपनीने चालू आवृत्तीच २.९६ म्हणून वाटली. अशी आवृत्ती आपण काढलेलीच नाही, हे जीसीसीच्या सुकाणू समितीला जाहीर करावं लागलं.

या कंपायलरचं अंतरंग पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी कार्यशाळा घेऊन शिकवलं.