फुफ्फुसाचा कर्करोग : किरणोपचारानंतरची इम्युनोथेरपी आणि प्रत्यक्षातील अनुभव

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे 'स्मॉल सेल' व 'नॉन-स्मॉल सेल' असे दोन मुख्य प्रकार असून, बहुसंख्य रुग्णांत दुसरा प्रकार आढळतो. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात रोग बहुधा छातीच्या मध्यभागातील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असतो. मात्र यकृत, मेंदू, हाडे अशा दूरच्या अवयवांत तो शिरलेला नसतो. शस्त्रक्रिया अनेकदा शक्य नसते, तरी रोगमुक्तीची आशा शिल्लक असते. अशा रुग्णांना केमोथेरपी व किरणोपचार एकत्रितपणे दिले जातात. परंतु त्यानंतरही बहुतेकांत रोग पुन्हा उलटतो, ही या उपचाराची मोठी मर्यादा होती.

कर्करोगाच्या पेशी 'पीडी-एल१' या प्रथिनाच्या साह्याने शरीराच्या संरक्षक टी-पेशींना निष्प्रभ करतात. 'ड्युरव्हॅल्युमॅब' हे औषध हे प्रथिन रोखून धरते आणि टी-पेशींना पुन्हा कार्यप्रवण करते. या तत्त्वाचा पाया घालणारे जेम्स ॲलिसन व तासुकू होन्जो यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

'पॅसिफिक' या चाचणीत ७१३ रुग्णांचा समावेश होता. केमोथेरपी व किरणोपचार पूर्ण झाल्यावर काहींना वर्षभर दर दोन आठवड्यांनी हे औषध, तर काहींना औषधविरहित द्रव देण्यात आला. रोग न वाढता गेलेला मध्यम कालावधी ५.६ महिन्यांवरून सुमारे १७ महिन्यांवर गेला. पाच वर्षांनंतर औषध घेतलेल्यांपैकी ४२.९ टक्के, तर इतरांपैकी ३३.४ टक्के रुग्ण हयात होते. अमेरिकेत फेब्रुवारी २०१८ मध्ये या वापरास मान्यता मिळाली.

तथापि चाचणीसाठी रुग्ण निवडून घेतले जातात. वृद्ध, अशक्त वा अन्य व्याधी जडलेल्या रुग्णांनाही हाच लाभ होतो काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधण्यासाठी 'पॅसिफिक-आर' या अभ्यासात ११ देशांतील १,३९९ रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांच्यात रोग न वाढण्याचा मध्यम कालावधी २१.७ महिने आढळला. दोन्ही उपचार एकाच वेळी घेतलेल्यांत तो २३.७ महिने, तर एकापाठोपाठ एक घेतलेल्यांत १९.३ महिने होता. म्हणजेच मूळ चाचणीत ज्यांना स्थान नव्हते, त्या दुसऱ्या गटाचे निष्कर्षही आशादायक ठरले.

मात्र हे आकडे मूळ चाचणीपेक्षा सरस दिसले, म्हणून औषध प्रत्यक्षात अधिक गुणकारी आहे, असा अर्थ काढणे योग्य नाही. रोजच्या व्यवहारात स्कॅन ठरावीक अंतराने होतातच असे नाही. त्यामुळे रोगवाढ उशिरा लक्षात येऊ शकते. शिवाय, किरणोपचारानंतर ज्यांची प्रकृती ढासळली वा रोग लगेच वाढला, त्यांना औषध सुरूच होत नाही. ते या हिशेबाबाहेरच राहतात.

दुष्परिणामांत फुफ्फुसाचा दाह सर्वांत चिंताजनक आहे. 'पॅसिफिक-आर'मध्ये सुमारे ९.५ टक्के रुग्णांना त्यापायी औषध कायमचे थांबवावे लागले. किरणोपचारानेही असाच दाह होत असल्याने नेमके कारण ओळखणे अवघड असते. नवा कोरडा खोकला, वाढती धाप वा ताप आल्यास रुग्णाने पुढील तारखेची वाट न पाहता त्वरित डॉक्टरांना कळवावे.

'ईजीएफआर' या जनुकात दोष असलेल्या रुग्णांना या औषधाचा लाभ कमी होतो, असे दिसून आले आहे. हा दोष पाश्चात्त्यांपेक्षा आशियाई रुग्णांत अधिक आढळतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लॉरा' चाचणीत अशा रुग्णांना किरणोपचारानंतर 'ओसिमर्टिनिब' ही गोळी दिल्यावर रोग न वाढण्याचा मध्यम कालावधी ५.६ वरून ३९.१ महिन्यांवर गेला. म्हणूनच वर्षभराच्या खर्चिक उपचाराचा निर्णय घेण्यापूर्वी जनुकीय तपासणीचा अहवाल हाती असणे आवश्यक आहे. योग्य औषधाइतकीच योग्य रुग्णाची निवडही महत्त्वाची, हाच या साऱ्या अनुभवाचा बोध होय.