साखरपुड्यापासून ‘शुगर’पर्यंत

आमच्या खारीतल्या बचत गटात पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायका बऱ्याच आहेत. वजनाचा विषय निघाला की त्यांचं वाक्य ठरलेलं असतं, “माझाच जिभेवर ताबा नाही.” आम्हाला ते पटत नाही. गोडाची ही ओढ एकट्या बाईची नाही, ती दोन-तीन पिढ्यांत घडली आहे. आज तिचीच गोष्ट सांगतो.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी दारी पाहुणा आला की आधी गूळ-पाणी दिलं जायचं. साखर मानाची वस्तू होती. लग्न ठरलं की मुलीला साखरेचा पुडा द्यायचे, तोच साखरपुडा. साखर रोजच्या डब्यातली असती तर तिचा पुडा करून कोणी मिरवला असता का?

मग महाराष्ट्रात कारखानदारी वाढली. नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीनं सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ च्या हंगामात तिथे गाळप सुरू झालं आणि पुढे राज्यभर कारखाने निघाले. आम्ही बचत गटवाल्या, सहकाराचं कौतुक आम्हाला असणारच. शेतकऱ्याच्या घरात पैसा आला. पण एवढी साखर शेवटी कोणाच्या तरी कपात जाणारच होती!

तरीही ती सहज मिळत नव्हती. १९६७ पासून साखरेचे दोन भाव झाले, लेव्हीची स्वस्त साखर रेशनवर आणि बाकीची खुल्या बाजारात. कार्डावरची साखर गणपती-दिवाळीसाठी डब्यात दडवून ठेवायची, पोरांना द्यायची, उरली तर आपण. त्या रांगेत उभी राहिलेली बाई आज भरलेल्या डब्यासमोर “नको” म्हणताना अडखळली, तर नवल काय? मधल्या काळात गूळ-पाण्याची जागा चहानं घेतली होती. दारात आलेल्याला चहा विचारला नाही तर आजही बोल लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या शरीराची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण अंगातली चरबी त्या मानानं टिकून होती. मोठ्यांचंही तसंच. २००४ साली याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखं, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

म्हणून “मी बारीक आहे, मला कशाला शुगर होईल” यावर विसंबू नका. पाळी गेल्यावर चरबी पोटावर जास्त साठते आणि स्नायू कमी होतात. वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेप वापरा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की लक्ष द्यायचं.

आता चहाचा हिशेब करू. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे. चमच्याला चार ग्रॅम धरले तर वर्षाला साडेअकरा किलोच्या वर साखर झाली, आणि यात बिस्किटं धरलेलीच नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर दिवसाला सहा चमच्यांच्या आत असेल तर उत्तम. गूळ घातला तरी तो याच हिशेबात येतो.

आमच्या गटात साखर एकदम तोडत नाहीत. दर पंधरवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करतात. जिभेला नव्या चवीची सवय व्हायला काही आठवडे लागतात. दुपारी चारला गोड खावंसं वाटतं, त्याचं कारण बरेचदा जेवणात असतं. नुसता भात आणि पातळ आमटी खाल्ली की भूक लवकर लागते. ताटात उसळ, अंडं किंवा मासळी असू द्या, भात थोडा कमी घ्या. सणाला पुरणपोळी खा, पण एक, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नका, जेवण टाळू नका. घाम फुटून हातपाय थरथरले तर शुगर खाली गेलेली असू शकते. तेव्हा लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यायची. तेवढ्यासाठी पर्समध्ये साखरेची पुडी ठेवा.