सांगलीच्या दीडशे वर्षं आधी

तंजावूरच्या राजवाड्यात शिरलात की दरबार हॉल आणि पुतळे मागाहून पाहा. आधी संगीत महालात या. हा नायक राजांच्या काळातला. इथे भिंतीपाशी उभं राहून हळू बोललेलंही ऐकू येतं म्हणतात. बसा, आणि सव्वातीनशे वर्षं मागे जा, 1690 च्या आसपास.

समया लागल्या आहेत. मृदंगावर हात पडतो. समोर बसलेला, विशीच्या उंबरठ्यावरचा तरुण म्हणजे शहाजीराजे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी, त्यांचे हे चिरंजीव. 1684 साली गादीवर आले तेव्हा अवघे बारा वर्षांचे होते. आज त्यांनीच लिहिलेलं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ रंगणार आहे.

आधी जयजयकार आणि शरणू, म्हणजे देवाला वंदन, मग गणपती येतो, सरस्वती येते, सूत्रधार कथा उलगडू लागतो. पदांना इथे दरू म्हणतात. प्रत्येक दरूला राग ठरलेला, ताल ठरलेला. मधल्या मोकळ्या जागेत बोलणं आहे, आणि ते बोलणं मराठी आहे! शेजारी बसलेले लोक आपसांत तमिळ आणि तेलुगू बोलतायत, आणि मंचावर लक्ष्मीचं लग्न मराठीत लागतंय. कान टवकारून ऐका. आज हाती असलेल्या मराठी नाटकांपैकी हे अगदी पहिल्यांतलं.

हा नाट्यप्रकार मराठ्यांनी इथे आणला नाही, इथेच शिकून घेतला. नायक राजा विजयराघव याच वाड्यात तेलुगू यक्षगानं, म्हणजे याच धर्तीची गीतनाट्यं, रचत होता. 1673 मध्ये त्याचं राज्य गेलं, दोन-तीन वर्षांत एकोजी आले, पण गायक, नर्तकी, पंडित इथेच राहिले. शहाजींनी त्यांना सांभाळलं, आणि स्वतः त्यांच्या भाषेत लिहू लागले. त्यांचं तेलुगू ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ तिरुवारूरच्या त्यागेश शिवाला वाहिलेलं आहे. ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी एकाच मंचावर येतात. त्यातल्या राजकन्या आपापल्या मुलखाची भाषा बोलतात. मला या राजाचं खरं मोठेपण इथे वाटतं. जिंकून घेतलेल्या मुलखात आपली भाषा वर चढवायची आणि बाकीच्या खाली ढकलायच्या, हे त्यांना सहज करता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही.

आणि वेळ कसली? 1689 मध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबाने मारलं. शहाजींचे चुलतभाऊ राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात आहेत आणि मोगल सेनापती झुल्फिकारखानाचा वेढा आवळत चालला आहे. जिंजी इथून उत्तरेला, फार लांब नाही. मोगलांची झळ तंजावूरलाही लागते. महाराष्ट्र जळत असताना मराठी नाटक कावेरीकाठी तग धरतंय. अशातही 1693 मध्ये राजे तिरुविशनल्लूर गाव विद्वानांना दान देतात. त्याचं नाव पडतं शाहजीराजपुरम.

आता शंभर-सव्वाशे वर्षं पुढे सरका. वाडा तोच, गादीवर दुसरे सरफोजी. जर्मन मिशनरी श्वार्त्झच्या हाताखाली शिकलेला राजा. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरी बाई, मराठी पदांतून जगाचा भूगोल सांगते! भूगोल गाऊन शिकवायची कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

तिकडे सांगलीत विष्णुदास भावे 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ करतात. त्यांना ते सुचलं कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. म्हणजे तिथेही वाट दक्षिणेकडूनच आली. त्या तारखेला आपण दरवर्षी मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, आणि करावाच. पण एखाद्या वर्षी त्या दिवशी ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ उभं राहावं, दरू मूळच्या रागांत गायले जावेत, तालमी तंजावूरच्या मराठी घरांतल्या मुलांबरोबर व्हाव्यात. संहिता सरस्वती महाल ग्रंथालयात आहे, याच वाड्याच्या आवारात. बाहेर पडताना तिथे जरूर जा.