आवाजाचा ठसा

आतून 'कोण?' असे विचारले आणि बाहेरून नुसते 'मी' असे उत्तर आले, तरी आपण दार उघडतो. कानावरचा हा विश्वास घरापुरता ठीक आहे. कोर्टात तो कितपत चालावा, याचा इतिहास मात्र मोठा चमत्कारिक आहे.

अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या लहान मुलाला मार्च १९३२ मध्ये पळवण्यात आले. २ एप्रिलच्या रात्री न्यूयॉर्कच्या एका दफनभूमीत मध्यस्थाने खंडणी पोचवली. लिंडबर्ग दूर मोटारीत बसले होते. अंधारातून आलेली 'ए, डॉक्टर!' एवढीच हाक त्यांच्या कानी पडली. पुढे १९३५ साली खटल्यात, तो आवाज ब्रूनो हाउप्टमन या आरोपी सुताराचाच, असे त्यांनी शपथेवर सांगितले. इतर पुरावाही होता. १९३६ साली हाउप्टमनला देहदंड झाला. पण दोन शब्द अडीच-तीन वर्षे कानात टिकतात काय? फ्रान्सिस मॅकगी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे पडताळून पाहिले आणि १९३७ साली निष्कर्ष छापले. अनोळखी आवाज दुसऱ्या दिवशी १०० पैकी ८३ श्रोत्यांनी ओळखला. पाच महिन्यांनी अवघ्या १३ जणांनी!

कान असा लबाड ठरल्यावर यंत्राकडे धाव घेणे ओघानेच आले. बेल प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात आवाजाचे कागदावर काळे-करडे चित्र काढणारे यंत्र तयार झाले होते. तेथील लॉरेन्स केर्स्टा यांनी १९६२ साली 'नेचर' साप्ताहिकात अशा चित्रांना 'व्हॉइसप्रिंट' म्हटले आणि ओळख ९९ टक्क्यांहून अधिक अचूक असल्याचा दावा केला. माझ्या मते सगळा घोटाळा या शब्दाने केला. बोटाचा ठसा जन्मभर तोच राहतो. आवाज ही वस्तू नव्हे, क्रिया आहे. तोच माणूस तोच शब्द दोनदा उच्चारतो तेव्हा चित्रे दोन उमटतात. आपल्याकडे तर बाजारात कानडी आणि घरात मराठी बोलणाऱ्याचा सूरसुद्धा बदलतो. त्याचा 'ठसा' कोणता धरायचा?

१९६५ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळली. चेहरा न दाखवता एका तरुणाने टेलिव्हिजनवर आपण जाळपोळ केल्याची बढाई मारली. पुढे एडवर्ड ली किंग नावाचा तरुण पकडला गेला. हा आवाज त्याचाच, अशी साक्ष खुद्द केर्स्टांनी दिली आणि किंग दोषी ठरला. १९६८ साली अपील कोर्टाने शिक्षा रद्द केली; या तंत्राला शास्त्रज्ञांची पुरेशी मान्यता नाही, असे कोर्टाचे म्हणणे पडले. तरीही इतर कोर्टांत चित्रे दाखवली जातच राहिली. अखेर एफबीआयच्या विनंतीवरून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने तपासणी केली आणि १९७९ साली या पद्धतीच्या भरवशाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला.

त्यानंतर डोळ्यांचे काम संगणकाकडे गेले. जबाबदार तज्ज्ञ आता 'हाच तो' असे म्हणत नाही. दोन ध्वनिमुद्रणे एकाच माणसाची असतील तर एवढे साम्य किती संभवते आणि वेगळ्यांची असतील तर किती, याचे गुणोत्तर तो मांडतो. वकिलांना हे रुचत नाही, हे उघड आहे.

आपल्याकडे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने, आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, असा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूदच आहे. नमुना घेताना त्या माणसाला कोणत्या भाषेत बोलायला लावायचे, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या वकिलांनी तरी विचारायला हवा.