पदवीनंतर शिकायचंय, फीचं काय? मुकादमाची उचल घेण्याआधी हे वाचा

बीड : पदवीचा निकाल लागतो, पुढच्या प्रवेशाचे फॉर्म निघतात आणि फीचा आकडा घरात कळतो तेव्हा हातातला पैसा पेरणीत गेलेला असतो. मग वडील मुकादमाकडं जातात. लेकराच्या एमएस्सीसाठी, एमबीएसाठी कोयत्यावर जादा उचल घेतली जाते, अन् एका हंगामात ती फिटत नाही. आपल्याकडं हे नवीन नाही. पण त्याआधी ठोठावता येतील अशी दारं आहेत.

पहिलं दार महाडीबीटी पोर्टल. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. एमए, एमकॉम, एमएस्सी सगळं त्यात बसतं. यातला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात फीचेही पैसे असतात, ते कॉलेजला भरायचे असतात. खतात किंवा लग्नात गेले तर पुढची परीक्षा अडते. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, उत्पन्न मर्यादा ८ लाख, शिकवणी फीची निम्मी रक्कम मिळते. मुलींसाठी मोठा बदल २०२४-२५ पासून झालाय. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, ८ लाखांच्या आतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप राऊंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की हे सगळं गेलं. एजंट ही गोष्ट सांगत नाही.

फीपेक्षा खोलीभाडं आणि मेस जास्त खातात. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार, इतर महापालिका शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार मिळतात. ओबीसी, भटके विमुक्त व विशेष मागास प्रवर्गाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या लेकरांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघावा. विद्यापीठांत कमवा व शिका योजनाही असते. पैसे थोडे, पण मेसचा महिना निघतो.

आता कर्ज. बँक म्हटलं की आपल्या माणसाला सातबारा गहाण आठवतो. शैक्षणिक कर्जाचं तसं नाही. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असले की झालं. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी निधी आहे. हप्ता शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होतो. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि शिक्षण तांत्रिक किंवा व्यावसायिक, नॅक-एनबीए मानांकित संस्थेत असेल, तर तोपर्यंतचं व्याज केंद्र सरकार भरतं. साध्या एमएला हे लागू नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली, ती निवडक नामांकित संस्थांसाठी आहे. तिथं नंबर लागला तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर मात्र बँक कुरकुर करते. ते आधी नवं-जुनं करून घ्या.

काही शिक्षण असं आहे की शिकतानाच पैसे मिळतात. गेट पास होऊन एमटेकला गेलेल्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन असतं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात पीजी करणाऱ्या डॉक्टरांनाही विद्यावेतन आहे. पीएचडीला बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. परदेशासाठी अनुसूचित जातीला राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची सयाजीराव गायकवाडांच्या नावाची. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले होते.

आपल्याकडं खरं घोडं अडतं ते तारखेवर. दिवाळी झाली की आई-वडील कारखान्यावर, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, सहकर्जदाराची सही, आधार आणि बँक खात्याची जोडणी ही कामं टोळी निघायच्या आधी उरका. पोरगं एकटं फॉर्म भरू शकतं, पण बापाची सही आणि अंगठा बापालाच द्यावा लागतो. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, त्यामुळे घरात तीन खाती असतील तर कोणतं जोडलंय ते बँकेत विचारा. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. आणि एका विषयात एमए झाल्यावर दुसऱ्या विषयात पुन्हा एमए केलं तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही.

फॉर्म भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, हेही दरवर्षीचंच. पंधरा दिवसांनी स्थिती बघा, त्रुटी दाखवली असेल तर मुदतीत दुरुस्त करा. कॉलेज दाद देत नसेल तर बीडच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात अर्ज क्रमांक घेऊन जा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, तो आपोआप होत नाही.