आगरात न उगवलेले पीक

पुण्यात संगमाच्या बाजूला अभियांत्रिकी महाविद्यालयाची जुनी दगडी वास्तू आहे. आज त्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला 'कॉलेज ऑफ सायन्स' म्हणत. या कॉलेजात ९ डिसेंबर १८८९ रोजी सरकारने एक प्रयोगशाळा उघडली आणि तिला 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' असे भारदस्त नाव दिले. माणसांसाठी नव्हे, गुरांसाठी! पुण्याला पेशव्यांच्या शनिवारवाड्याची आठवण असते, टिळकांच्या केसरीवाड्याची असते. या प्रयोगशाळेची मात्र कोणी फारशी काढीत नाही.

गुरांसाठी सरकारचे मन इतके का द्रवावे? त्याचे कारण बुळकांडी. आमची आजी हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणीत असे. तिच्या लहानपणी मावळातल्या त्यांच्या गोठ्यात ही साथ शिरली. आधी जनावराच्या डोळ्यांतून पाणी, मग तोंडात फोड, मग हगवण. आणि आठवड्याच्या आत दावे रिकामे. गावाने मरीआईचा गाडा सजवून शिवेपलीकडे लोटला. "गाडा गेला, पण दुखणं राहिलं," असे ती म्हणे. बैल गेला म्हणजे नांगर गेला, आणि नांगर गेला म्हणजे पुढच्या वर्षीची भाकरी गेली. सरकारलाही याची झळ होतीच. तोफा आणि रसद बैलच ओढीत, आणि शेतसाराही बैलांच्याच जिवावर येई. १८७१ साली गुरांच्या साथींविषयी नेमलेल्या आयोगाने अहवाल दिला होता. त्यानंतर पुण्याची ही प्रयोगशाळा निघावयास मात्र अठरा वर्षे लागली.

तिचे प्रमुख होते डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. त्यांच्या हाती जी विद्या होती ती तेव्हा अगदी कोवळी होती. जर्मनीत रॉबर्ट कॉखने जंतूंची शेती करण्याची युक्ती नुकतीच बसविली होती. मांसरसात जंतू सोडले तर सगळ्या जाती एकमेकींत मिसळून जातात, जणू एकाच पोत्यात ज्वारी, बाजरी आणि नाचणी. तोच रस घट्ट थिजवून त्यावर नमुना पातळ पसरला, तर प्रत्येक जंतू जिथे पडेल तिथेच वाढतो आणि त्याच्या वंशजांचा एक ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे एक कुळी.

थिजवायचे कशाने, हा प्रश्न होता. कॉखने आधी जिलेटिन वापरले. पण ते ऊब लागताच पातळ होई, शिवाय कित्येक जंतू ते खाऊनच टाकीत. यातून वाट काढली ती एका गृहिणीने. वाल्टर हेस नावाचे डॉक्टर १८८१ साली कॉखकडे काम करीत. त्यांची पत्नी फॅनी स्वयंपाकात मुरंब्यासाठी आगर वापरीत असे. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ती हे शिकली होती. हे आगर म्हणजे समुद्रातील शेवाळाचा चीक. आपल्या घरांतून त्याला 'चायना ग्रास' म्हणतात. ते उकळत्या पाण्याच्या जवळपास वितळते, पण एकदा थिजले की अंगाच्या उष्णतेला दाद देत नाही. १८८२ साली क्षयाच्या जंतूविषयी लिहिताना कॉखने आगराचा उल्लेख केला. फॅनीचा केला नाही. १८८७ साली पेट्रीने झाकणाची चपटी बशी काढली, आणि शेताला बांध पडला.

शब्दांचीही गंमत पाहा. हे 'आगर' मलायी भाषेतले. पण कोकणी माणसाला आगर म्हटले की घरामागची माडा-पोफळींची बाग आठवते. बशीतले आगरही एक प्रकारची बागच, आणि तिचा माळी डोळ्यांनी पीक ओळखतो. गुरांच्या फाशी रोगाचा ठिपका खरखरीत, कडेला कुरळ्या बटा सुटल्यासारखा. पुढे मॅकॉंकी नावाच्या इंग्रज संशोधकाने आगरात पित्तक्षार, दुधातली साखर आणि एक रंग घातला. त्यावर आतड्यातला नेहमीचा जंतू साखर आंबवून गुलाबी होतो, आणि विषमज्वराचा जंतू साखरेला शिवत नाही म्हणून बिनरंगाचा राहतो. प्लेगच्या वेळी हाफकिनने तर मुंबईत तूप वापरले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले म्हणजे प्लेगचे जंतू त्याखाली गुहेतल्या लोंबत्या चुनखडीसारखे वाढत, आणि त्यावरून त्यांची ओळख पटे.

परंतु नुसता ठिपका उमटला म्हणून गुन्हेगार सापडला असे होत नाही. तोच जंतू निरोगी जनावराला टोचला असता तोच रोग व्हावा लागतो, ही कॉखचीच अट होती. बुळकांडीचे घोडे येथेच अडले. आजारी जनावराच्या आतड्यातून नमुना घ्यावा तर बशीवर हवे तितके पीक येई. पण ते सारे तण! देशोदेशींच्या संशोधकांनी त्यांतला एकेक ठिपका उचलून "हाच तो" म्हणून पाहिले, आणि एकाचेही टिकले नाही. घोड्यांच्या 'सर्रा' रोगावर लिंगार्डांनी पुष्कळ काम केले. पण तोही रक्तातला परोपजीवी, आगराच्या साध्या बशीवर न येणारा. सांसर्गिक रोगांवर काम करायचे तर वस्तीपासून दूर असावे, म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वरला हलली. पुण्याचा संबंध अवघ्या चार वर्षांत संपला.

आणि स्वतः कॉख? १८९६ च्या अखेरीस तो दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला बुळकांडीवरच काम करावयास गेला. आगराच्या शेतीचा हा मूळ पुरुष. पण त्यालाही जंतू सापडला नाही. तरी तो थांबला नाही. रोगी जनावराचे पित्त निरोगी गुरांना टोचून त्यांना वाचविता येईल, असे त्याने दाखविले. तिथून तो १८९७ साली हिंदुस्थानात आला आणि मुक्तेश्वरालाही जाऊन आला. उत्तर आले १९०२ साली, कॉन्स्टँटिनोपलहून. निकोल आणि आदिल बे यांनी रोगी जनावराचा रस जंतू अडविणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी खालचा रस रोग देतच राहिला. म्हणजे गुन्हेगार जंतूहून लहान होता. ज्याला आपण विषाणू म्हणतो तो. तो जिवंत पेशीखेरीज कशावर वाढत नाही. आगरावर त्याची वाट पाहणे म्हणजे खडकावर भात पेरणे.

मग पुण्यातली ती चार वर्षे वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. वर्गात एखादा विद्यार्थी "येत नाही" असे प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा मला फळ्यावर कुठून सुरुवात करायची ते कळते. बशीने बुळकांडीविषयी "येत नाही" असे सांगितले, आणि ते मानले गेले म्हणून गाळणीकडे हात गेला. मुक्तेश्वरात आधी रक्तजल आणि पुढे शेळीवर सौम्य केलेली लस तयार झाली. १९५४ साली देशभर टोचणीची मोहीम निघाली. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली साऱ्या जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ उखडलेला हा दुसराच रोग.

ते जाहीर झाले तेव्हा आजी नव्हती. असती, तर ही बातमी मी तिला मोठ्याने वाचून दाखविली असती. गाडा शेवटी शिवेपलीकडे गेला होता, आणि या खेपेस दुखणेही त्याच्याबरोबर गेले होते.